करसल्ला : टीडीएस कापला गेलाय, मग विवरणपत्र भरायचं की नाही?

(या अंकातली उत्तरं 2025-26 या आर्थिक वर्षातल्या कमाईबद्दल आहेत. या कमाईला 1961 च्या कायद्याचीच कलमं लागू आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या कमाईला नवा कायदा लागतो, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.)

प्रश्न : मी सोलापुरात, पूर्व भागात, शाळेचे गणवेश शिवून देतो. कापड व्यापाऱ्याचं, शिलाई माझी. वर्षभरात एकाच व्यापाऱ्याची 4,60,000 रुपयांची बिलं झाली. त्यातून 4,600 रुपये कापून उरलेले खात्यावर आले. दोरा, सुया, वीज, मशीनची दुरुस्ती आणि काज-बटण करणाऱ्या दोघींची मजुरी असा 2,10,000 खर्च झाला. मला विवरणपत्र भरावं लागेल का?

उत्तर : सक्ती नाही, पण तुम्ही भरा.

सक्ती का नाही, ते आधी पाहू. बिलांची रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. खर्च वजा जाता तुमच्या हातात 2,50,000 उरले, हे तुमचं उत्पन्न. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे आणि त्याच्या आत असलेल्याला सहसा विवरणपत्राची सक्ती नाही. वेगळी प्रणाली निवडली नाही तर आपोआप हीच लागते.

व्यापाऱ्याने कापलेला 1 टक्का म्हणजे टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर), तो कलम 194 सी खालचा आहे. एका बिलाला 30,000 किंवा वर्षाला मिळून 1 लाख ओलांडले की तो कापावा लागतो, तुमचं उत्पन्न कितीही कमी असो. हे 4,600 रुपये तुमच्या पॅनवर जमा आहेत आणि विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत मिळत नाहीत. पॅन दिला नसता तर 1 टक्क्याऐवजी 20 टक्के, म्हणजे 92,000 कापले गेले असते. म्हणून पॅन आधारशी जोडलेला आहे ना, हे पहिलं बघा.

तुमच्यासाठी विवरणपत्राचा फॉर्म आयटीआर-4, कलम 44 एडी (छोट्या धंद्यांना उलाढालीच्या टक्केवारीने नफा दाखवू देणारं कलम). इथे बहुतेकांचं चुकतं. खात्यावर 4,55,400 दिसतात म्हणून तोच आकडा उलाढालीत टाकतात. टाकायचे पूर्ण 4,60,000, कारण कापलेले 4,600 हीसुद्धा तुमचीच कमाई आहे. फॉर्म 26 एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा तक्ता) मध्ये एक आकडा आणि विवरणपत्रात त्याहून कमी, असं झालं की परतावा अडकतो किंवा नोटीस येते.

दुसरी चूक त्याहून मोठी. बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा दाखवला की झालं, असं सर्रास सांगितलं जातं. त्या हिशेबाने तुमचं उत्पन्न 27,600 होतं. पण 6 टक्के ही खालची मर्यादा आहे (रोखीने आलेल्या रकमेवर 8 टक्के). प्रत्यक्षात जास्त उरले असतील तर जास्तच दाखवायचे, कायद्यात तसं स्पष्ट आहे. तुम्ही 2,50,000 दाखवा. कर तसाही शून्यच आहे. उद्या नवीन मशीनसाठी कर्ज मागायला गेलात तर 27,600 वार्षिक उत्पन्नावर कुठली बँक उभं करील?

गणवेशाच्या धंद्यात आणखी एक अडचण येते. सीझन जूनच्या आधीचा, त्यामुळे बिल मार्चचं आणि पैसे एप्रिल-मे मध्ये. व्यापारी ते बिल मार्चमध्येच खर्ची टाकतो आणि टीडीएस त्या वर्षात दिसतो. तुम्हीही बिलाच्या तारखेने हिशेब ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं वर्ष जुळेल.

भरण्याची घाई एप्रिलमध्ये करू नका. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण देण्याची व्यापाऱ्याची मुदत 31 मे असते आणि फॉर्म 16 ए (टीडीएस कापल्याचा दाखला) त्यानंतर मिळतो. जूनच्या मध्यानंतर प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर 26 एएस आणि एआयएस (वार्षिक माहिती विवरण) उघडा. रक्कम दिसत नसेल तर पॅनचं एखादं अक्षर चुकलं असण्याची शक्यता जास्त. ती दुरुस्ती व्यापाऱ्यालाच करावी लागते. आयटीआर-4 मध्ये वर्षअखेरची रोकड, येणं, देणं आणि शिल्लक मालाचे आकडेही विचारतात, ते आधी लिहून ठेवा. परताव्याचं बँक खातं पोर्टलवर पडताळून घ्या, खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळायला हवं. शेवटी आधार ओटीपीने 30 दिवसांत ई-पडताळणी करा. ती राहिली तर विवरणपत्र भरलं असं धरतच नाहीत.

प्रश्न : मुलगी घरून पुण्यातल्या दोन कंपन्यांसाठी वेबसाइटचं प्रोग्रामिंग करते. वर्षाला 3,20,000 मिळाले, 32,000 कापले. उत्पन्न 4 लाखांच्या आत आहे, तर तिला सूट ना?

उत्तर : नाही. तिला विवरणपत्र सक्तीचं आहे. वर्षात टीडीएस आणि टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा केलेला कर) मिळून 25,000 किंवा जास्त झाला (ज्येष्ठ नागरिकांना 50,000) की उत्पन्न कितीही असो, भरावंच लागतं. हा नियम फार जणांना माहीत नसतो.

माहिती तंत्रज्ञान हा अधिसूचित व्यवसाय आहे, म्हणून तिला कलम 44 एडीए घेता येईल : मिळकतीच्या निम्मं, म्हणजे 1,60,000 उत्पन्न. खर्च निम्म्याहून कमी असेल तर इथेही जास्तीचा खरा आकडा द्यायचा. कसंही धरलं तरी ती 4 लाखांच्या आतच राहते आणि 32,000 पूर्ण परत मिळतात.

पुढच्या वेळी कापूच नये म्हणून 15 जी (उत्पन्नावर कर बसत नाही, कापू नका असं लिहून देण्याचा 1961 च्या कायद्यातला फॉर्म) भरून द्या, असा सल्ला तिला मिळेल. तो चुकीचा आहे. 15 जी बँकेच्या व्याजासारख्या ठरावीक रकमांना चालतो. कंत्राटी कामाच्या किंवा व्यावसायिक फीच्या टीडीएसला चालत नाही. त्यासाठी प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्यावा लागतो.

प्रश्न : 12 लाखांपर्यंत कर नाही म्हणतात. माझा टॉवेलचा जॉबवर्क, निव्वळ 5,50,000 उरतात. मग कशाला भरायचं?

उत्तर : 12 लाख ही करमाफीची रेघ आहे, सक्तीची नाही. उत्पन्नावरून येणारी सक्ती 4 लाखांच्या पुढे सुरू होते. तुमचा कर 4 लाखांवरच्या 1,50,000 वर 5 टक्के, म्हणजे 7,500 निघतो आणि कलम 87 ए ची सवलत तो शून्य करते. पण हा हिशेब विवरणपत्रातच मांडायचा असतो. मुदत चुकली तर उशिराचं विवरणपत्र 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं, मात्र उत्पन्न 5 लाखांवर असल्याने 5,000 शुल्क पडेल (5 लाखांपर्यंत 1,000). कर शून्य असूनही 5,000 गेले, हे फार लागतं. मुदतीची तारीख पोर्टलवरच बघा. मागच्या वेळी ती 31 जुलैवरून 16 सप्टेंबर 2025 पर्यंत गेली होती, दरवेळी तसं होईलच असं नाही.

प्रश्न : बँक तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. एजंट मागची दोन एकदम भरून देतो म्हणतो.

उत्तर : जुन्या वर्षांसाठी अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे, पण ते ज्यादा कर भरायचा असेल तरच चालतं. शून्य कराचं किंवा परतावा मागणारं भरता येत नाही. जुना टीडीएस अडकला असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज पाच वर्षांच्या आत करता येतो, मात्र तो मंजूर होण्यासाठी उशिराचं खरं कारण दाखवावं लागतं.

प्रश्न : विमा एजंट आहे, कमिशनला 44 एडी चालेल का?

उत्तर : नाही. कमिशन आणि दलाली त्यातून वगळली आहे. खर्चाच्या पावत्या ठेवा आणि आयटीआर-3 भरा.