आधी रक्त, मग गोळी

प्रिय मुली,

बसवलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधांबद्दलचं तुझं पत्र मिळालं. ‘टॅक्रोलिमस, सिरोलिमस, एव्हरोलिमस ही सगळी सख्खी भावंडं वाटतात, कुणाचा दुष्परिणाम कुणाच्या माथी मारते तेच कळत नाही,’ हे वाचून हसू आलं. माझीही हीच गत होती. मी तर पलंगाशेजारच्या भिंतीवर तक्ता चिकटवून घोकला होता. तक्ता तोंडपाठ झाला, परीक्षा पार पडली आणि वॉर्डात पहिल्याच महिन्यात मी चुकले.

किडनी प्रत्यारोपण होऊन दोन आठवडे झालेला रुग्ण होता. सकाळची टॅक्रोलिमसची गोळी मी वेळेवर दिली. तासाभराने आठवलं की आज लेव्हल, म्हणजे रक्तात औषध किती आहे त्याची तपासणी, पाठवायची आहे. रक्त काढलं आणि पाठवून दिलं. गोळी कधी दिली, रक्त कधी काढलं, काहीच लिहिलं नाही. रिपोर्टमधला आकडा भलताच वर आला. डोस कमी करायची ऑर्डर लिहिली जाणार, तेवढ्यात एका सीनिअर सिस्टरने सहज विचारलं, “गोळी आधी दिलीस की रक्त आधी काढलंस?” माझा चेहराच उत्तर देऊन गेला. दुसऱ्या दिवशी गोळीआधी काढलेल्या रक्तात आकडा अगदी जागेवर होता. माझ्या त्या आकड्यावर विसंबून डोस उतरवला असता, तर रिजेक्शनला, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याला, आपणच दार उघडून दिलं असतं.

म्हणून ट्रफ लेव्हल म्हणजे काय हे व्याख्या म्हणून पाठ करू नकोस. दोन डोसांमध्ये औषध रक्तात सर्वांत खाली असतं तो क्षण, म्हणजे दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीसाठी आधीच्या डोसानंतर साधारण 12 तासांनी, पुढचा डोस देण्याच्या अगदी आधी. सकाळी 8 चा डोस असेल तर रक्त त्याआधी काढायचं. घरी गेलेल्या रुग्णाला सांगायचं, तपासणीच्या दिवशी गोळी सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या. आणि औषध शिरेतून चालू असेल तर नळीच्या ज्या ल्युमेनमधून, म्हणजे पोकळीतून, ते जातं, तिथून नमुना काढायचा नाही. औषध नळीला चिकटून राहतं आणि आकडा खोटा वर येतो. परीक्षेत हे फिरवून फिरवून विचारतात.

आता तुझी भावंडं. ती ओळखायची तर टी पेशी, म्हणजे परक्याशी लढणारी पांढरी पेशी, काय करते तेवढं डोळ्यांसमोर आण. परका अवयव दिसला की ती हाक मारते. त्या हाकेचं नाव इंटरल्युकिन-2. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन पेशीतलं कॅल्सिन्यूरिन नावाचं एन्झाइम बंद पाडतात, त्यामुळे हाक तोंडातून बाहेरच पडत नाही. बॅसिलिक्सिमॅब कानात बोळे घालतं. हाक जिथे ऐकू येते तो रिसेप्टरच ते अडवतं. सिरोलिमस आणि एव्हरोलिमसमध्ये हाक ऐकू येते, पण पेशीला उठता येत नाही, कारण एमटॉर नावाचा पुढचा दुवा तुटलेला असतो. मायकोफेनोलेट आणि अझाथायोप्रिन पेशींची संख्या वाढू देत नाहीत. नवा डीएनए बनवायला लागणारा माल तोडतात. स्टेरॉइड मात्र सगळ्यांवर एकदमच पाणी ओततं.

एवढं कळलं की दुष्परिणाम आपोआप सुटे होतात. वाढच थांबवणाऱ्या सिरोलिमसमुळे जखम भरायला उशीर होतो, यात नवल काय? पेशींचं विभाजन रोखणाऱ्या मायकोफेनोलेटचा फटका जिथे विभाजन जोरात चालतं तिथेच बसणार: अस्थिमज्जा आणि आतडी. म्हणून पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जुलाब होतात. गर्भालाही तोच धोका. हे औषध सुरू करण्याआधी गर्भधारणेची चाचणी, आणि पुढे गर्भनिरोधन. सायक्लोस्पोरिनने हिरड्या सुजून वाढतात आणि अंगावर केस येतात. टॅक्रोलिमसने उलट केस गळतात, हात थरथरतात, साखर वाढते. एवढी जोडी मात्र पाठच कर, तिला तर्काची वाट नाही.

या दोघांचा खरा डाव मात्र वेगळा आहे. ती किडनीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ज्या किडनीला वाचवायला दिली, तिलाच इजा! म्हणजे क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात साठणारा घटक) वाढलं तर दोन अर्थ निघतात. औषध कमी पडून रिजेक्शन सुरू झालंय, किंवा औषध जास्त होऊन विषारी ठरतंय. एकात डोस वाढवायचा, दुसऱ्यात कमी करायचा. शेवटचा निवाडा बऱ्याचदा बायॉप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी, देते, पण पहिला इशारा लेव्हलचाच. माझ्या चुकीने त्या दिवशी काय बिघडलं असतं ते आता तुला पुरतं कळेल.

तापाचंही तसंच, इकडे आड तिकडे विहीर. 38 अंश सेल्सिअस ताप म्हणजे रिजेक्शन असू शकतं, संसर्गही असू शकतो. रिजेक्शनवर मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे मोठे डोस देऊन प्रतिकारशक्ती आणखी दाबतात. संसर्ग गंभीर असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंच कमी करावी लागतात. शिवाय स्टेरॉइड ताप झाकतं, त्यामुळे ताप नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. ‘घरी पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहा’ असा पर्याय दिसला की तो खोडून टाक. ताप आला, लघवी कमी झाली, वजन एकाएकी वाढलं, नव्या किडनीवर हात लावल्यावर दुखलं, तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवायचं.

दिवस मोजायलाही शीक. पहिल्या महिन्यात जखम, कॅथेटर, सेंट्रल लाइन यांचे संसर्ग जास्त. एक ते सहा महिन्यांत सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू आणि न्यूमोसिस्टिस ही फुप्फुसाला ग्रासणारी बुरशी यांचा मोका असतो. न्यूमोसिस्टिस टाळायला दिलेलं को-ट्रायमॉक्साझोल कशासाठी चालू असतं, ते इथे समजतं. जिवंत विषाणूंच्या लशी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, या प्रत्यारोपणाआधी उरकायच्या. नंतर नाही.

औषधांच्या भांडणांपैकी चार लक्षात ठेव. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, डिल्टियाझेम ही इतर आजारांची औषधं आणि ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची लेव्हल वर नेतात. रिफॅम्पिसिन, फेनिटोइन, कार्बामाझेपिन ती खाली ओढतात. तिसरी जोडी अझाथायोप्रिन आणि गाउटवरचं ॲलोप्युरिनॉल. ही एकत्र आली की अस्थिमज्जा कोलमडते. चौथं भांडण नावांचंच आहे: दिवसातून दोनदा घ्यायचं टॅक्रोलिमस आणि एकदाच घ्यायचं लांब पल्ल्याचं टॅक्रोलिमस यांची अदलाबदल. ब्रँड बदललेला दिसला तरी विचारल्याशिवाय देऊ नकोस.

इतिहासाचे प्रश्न फारसे येत नाहीत, तरी एक गोष्ट मला आवडते म्हणून सांगते. 1954 मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. शरीराला भावाची किडनी परकी वाटलीच नाही. जुळा नसलेल्या प्रत्येकासाठी मात्र ही सगळी औषधं शोधावी लागली. सिरोलिमस तयार करणारा जंतू तर ईस्टर बेटाच्या मातीत सापडला. त्या बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, त्यावरून सिरोलिमसला रापामायसिनही म्हणतात.

आता तुझा ॲट्रोपिनचा प्रश्न. हृदय बदललेल्या रुग्णाची नाडी मंदावली आणि ॲट्रोपिन दिलं, तर उपयोग का होत नाही? ॲट्रोपिन, हृदयाचा वेग कमी ठेवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम सैल करतं. नवं हृदय बसवताना तोच नव्हे, हृदयाकडचे सगळेच मज्जातंतू कापले गेलेले असतात. जिथे लगामच नाही तिथे सैल काय करणार? तिथे थेट हृदयाला वेग देणारं आयसोप्रेनलिन किंवा पेसिंग, म्हणजे विजेचे सूक्ष्म झटके देणारं यंत्र, लागतं. त्याच कारणाने या रुग्णांची विश्रांतीतली नाडी 90 ते 110 च्या घरात असते, आणि हृदयाला रक्त कमी पडलं तरी बहुधा छातीत दुखत नाही. दम लागणं, अचानक थकवा, एवढीच खूण मिळते.

पुढच्या रविवारपर्यंत एक कर. पुस्तक मिटून हाकेची गोष्ट कागदावर उतरव, प्रत्येक पायरीसमोर औषध लिही आणि त्याखाली ‘रक्त केव्हा काढायचं, रुग्णाला काय सांगायचं’ एवढं लिहून मला फोटो पाठव. चुकलेलं असलं तरी चालेल, पुसून कोरं करू नकोस. कुठे अडतेस ते मला त्यातूनच दिसेल. आणि हो, भिंतीवरचा तक्ता काढ.

तुझी,
सिस्टर