वाचक विचारतात : बेसबॉल, वर्णभेद आणि सर्वोच्च न्यायालय

प्रश्न : जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला १९४७ मध्ये अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला, तो न्यायालयाच्या निकालामुळे का? आणि कर्ट फ्लड खटला हरला असताना नागरी हक्कांच्या चर्चेत त्याचे नाव का घेतले जाते?

उत्तर : रॉबिन्सनच्या प्रवेशाशी न्यायालयाचा संबंध नव्हता. त्याला ब्रुकलिन डॉजर्स क्लबाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी करारबद्ध केले; शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल १९५४ चा. बेसबॉलपुरते पाहिले तर सर्वोच्च न्यायालयाने मालकांचीच बाजू राखली. हा खेळ आंतरराज्य व्यापारात मोडत नाही, असे १९२२ मध्ये ठरल्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नव्हता, आणि करारातील ‘रिझर्व्ह क्लॉज’च्या आधारे क्लब खेळाडूला वर्षानुवर्षे बांधून ठेवू शकत असे किंवा परस्पर दुसऱ्या क्लबाच्या हवाली करू शकत असे.

सेंट लुईस कार्डिनल्स क्लबाचा कृष्णवर्णीय खेळाडू कर्ट फ्लड याला १९६९ च्या ऑक्टोबरात असेच फिलाडेल्फियाच्या क्लबाला देऊन टाकण्यात आले. नाताळच्या आदल्या दिवशी त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून कळवले की, मर्जी न विचारता खरेदीविक्री करावी अशी मालमत्ता आपण नाही. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्याने अशी भाषा करावी, हे अनेकांना रुचले नाही. त्यावर, भरपूर पगाराचा गुलामही गुलामच, असे त्याचे म्हणणे होते. गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचाही आधार त्याने दाव्यात घेतला. रॉबिन्सनने त्याच्या बाजूने साक्ष दिली. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू मात्र पाठिंब्यासाठी न्यायालयात फिरकला नाही. मला तरी हा भाग निकालाहून अधिक बोचणारा वाटतो.

१९७२ मध्ये फ्लड पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालपत्राच्या आरंभी ऐंशीहून अधिक जुन्या खेळाडूंची नावे हौसेने नोंदवली. निकालाशी सहमत असलेल्या दोघा न्यायमूर्तींनीही तेवढ्या भागाला संमती दिली नाही. बेसबॉलला मिळालेली सूट विसंगत आहे हे बहुमताने मान्य केले, पण ती काढण्याचे काम काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, सोपवले. ब्राउन खटला लढवलेले थर्गुड मार्शल आता न्यायमूर्ती होते. आपापसांत खेळाडूची देवघेव करणाऱ्या मालकांनी फ्लडला जवळजवळ गुलामच केले आहे, असे त्रयस्थाला वाटू शकेल, असे त्यांनी भिन्नमतपत्रात लिहिले.

रिझर्व्ह क्लॉजमधून खेळाडूंची सुटका अखेर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निर्णयाने झाली. काँग्रेसने फ्लडच्या नावाचा कायदा १९९८ मध्ये केला, तोही प्रमुख लीगमधील खेळाडूंच्या नोकरीपुरता. फ्लड त्याच्या आदल्या वर्षीच वारला होता.