तुमचे प्रश्न : आठवणी ऐकताना आणि सांगताना

आजीच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करायच्या आहेत. पण 'लहानपणाबद्दल सांग' म्हटलं की 'त्यात काय सांगायचं?' म्हणून ती विषयच संपवते. एकदा तासभर बोलली, तर पंख्याच्या आवाजात निम्मं कळेना.

'लहानपण' एवढ्या मोठ्या गाठोड्याला हात कुठून घालायचा, हे आजीला कळत नसणार. एखादी जागा, वस्तू किंवा दिवस धरून विचारा. 'घराचं दार उघडलं की समोर काय दिसायचं?', 'शाळेच्या वाटेवर कशाची भीती वाटायची?' उतारवयात साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त वर येतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. तेव्हा सुरुवात तिथून करावी. जुना फोटो दाखवलात तर 'हा कोण, ती कोण' नको, ती परीक्षा वाटते. 'फोटो काढायच्या आधी काय चाललं होतं?' असं विचारा. आजी थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात 5 आकडे मोजा. बरेचदा खरी गोष्ट त्या शांततेनंतरच येते. 'हं, हं' करण्याऐवजी मान हलवा, नाहीतर रेकॉर्डिंगभर तुमचाच हुंकार ऐकू येईल.

आता आवाजाचं. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि फ्रिज असलेली खोली नको. फोन आजीपासून 20 ते 30 सेंटिमीटरवर, खाली दुमडलेला टॉवेल. नुसत्या टेबलावर ठेवला तर हात टेकल्याचा प्रत्येक ठोका आत जातो. एअरप्लेन मोड लावा, कारण मध्येच कॉल आला तर काही फोनमध्ये रेकॉर्डिंग थांबतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आधी 2 मिनिटं रेकॉर्ड करून इअरफोनने ऐका. हे टाळणाऱ्यांचीच नंतर फजिती होते.

अ‍ॅपमध्ये सोय असेल तर वेव्ह (WAV) हा आवाज न दाबता साठवणारा फाइल प्रकार निवडा. सेटिंगमध्ये 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो (एकच चॅनेल) ठेवलं तर तासाला सुमारे 300 एमबी जागा लागते. सुरुवातीला तारीख आणि कोण कोण बसलं आहे ते बोलून घ्या. एका बैठकीला 45 मिनिटं पुरेत. त्याच दिवशी दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेली प्रत मूळ समजू नका, पाठवताना फाइल लहान करण्यासाठी आवाजाचा दर्जा कमी केला जाऊ शकतो. सगळं उतरवून काढायच्या भानगडीत लगेच पडू नका. तासाभराच्या बोलण्याला सहज 4 ते 6 तास जातात. '12:40 पहिली नोकरी' (म्हणजे रेकॉर्डिंगच्या 12 मिनिटं 40 सेकंदांवर) अशा नोंदींचा एक कागद पुरतो. आणि रेकॉर्डिंग लपूनछपून नको. आधी विचारा, शेवटी पुन्हा विचारा : 'यातलं कुणाला ऐकवायचं नाही?'

वडील एकच प्रसंग दर वेळी वेगळा सांगतात. टोकावं का?

सांगताना टोकू नका. ते खोटं बोलतात असंही धरू नका. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी आपल्या प्रयोगातल्या लोकांना एक परक्या संस्कृतीतली लोककथा वाचायला देऊन ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. 1932 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत कथा आखूड होत गेली आणि अनोळखी तपशील गळून ओळखीचे आले. आपली आठवण कपाटातून काढलेल्या फाइलीसारखी नसते, दर वेळी नव्याने जुळवली जाते. दोन्ही आवृत्त्या तारखेसह जपा. साल, गाव, पगार असल्या गोष्टी जुन्या कागदांशी ताडून पाहा, पण वडिलांच्या माघारी. फरक नेमका कुठे पडतो ते मात्र बघा : नातवाला सांगताना आणि जुन्या मित्राला सांगताना गाळलेला भाग सहसा वेगळा असतो.

मैत्रीण दुःख सांगते तेव्हा मी 'माझंही असंच झालं' म्हणून माझं सांगते. ती गप्प होते. चुकतं कुठे?

सवय वाईट नाही. समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी 1960च्या दशकातच दाखवलं होतं की एकाच्या गोष्टीला दुसऱ्याने तशीच गोष्ट जोडणं ही 'मला समजलं' असं सांगायची रीत आहे. चुकते ती वेळ आणि लांबी. आधी तिच्याच गोष्टीवर निदान दोन प्रश्न विचारा. मग आपलं दोन-तीन वाक्यांत, आणि शेवटचं वाक्य पुन्हा तिच्याकडे : 'तू मग काय केलंस?' तिच्यापेक्षा मोठं संकट तर मुळीच काढू नका. तिचं दुखणं आपोआप लहान ठरतं.

सहकाऱ्यावर गुदरलेला प्रसंग नाव न घेता प्रशिक्षणात सांगितला तर चालेल?

नाव गाळून भागत नाही. वय, हुद्दा आणि घटनेची जागा, एवढ्या तिन्हींवरून ओळखीचे लोक बरोबर माणूस ताडतात. तुम्ही जसा सांगणार तसाच प्रसंग आधी त्यांना ऐकवा, हवं ते काढू द्या. विचारणं शक्य नसेल तर तो प्रसंग सोडा, स्वतःचा एखादा घ्या.