वाचकांचे प्रश्न : कवचात कोरलेली कला

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये एकाच प्रकारच्या वस्तूंबद्दल वारंवार विचारणा झाली आहे. नारळ, सुपारी, परदेशी ताडांची फळे आणि फळांच्या कठीण कोया कोरून केलेल्या डब्या, मणी आणि मूर्ती मुंबईतल्या अनेक घरांत आहेत. हे बंदर होते आणि बंदरात जगभरच्या बारीकसारीक वस्तू येऊन पडत. यांपैकी बहुतेक वस्तू आज घरच्यांना लाकडाच्या किंवा हस्तिदंताच्या वाटतात. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आईच्या शिवणाच्या पेटीत अंड्याएवढी, गडद तपकिरी, जाळीदार नक्षीची एक डबी सापडली. ती मधोमध आट्यांवर उघडते, आत अंगुस्तान बसेल एवढीच जागा आहे आणि टोकाला पांढरट रंगाची छोटी बोंडी आहे. एका विक्रेत्याने ती चंदनाची असल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने अक्रोडाच्या लाकडाची. ती नेमकी कशाची आहे? (गिरगावच्या एक वाचक)

उत्तर : आपण पाठवलेली छायाचित्रे स्वच्छ आहेत आणि त्यांवरून ही डबी कोकिला फळाच्या कवचाची असल्याचे दिसते. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात पियासावा नावाचा ताड वाढतो. त्याच्या राठ तंतूंपासून दोर आणि झाडू होतात, आणि त्याच्या फळाचे जाड, अतिशय कठीण कवच अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपातल्या कातकाम करणाऱ्या कारागिरांच्या हाती पडले. त्यांनी त्यापासून तपकिरीच्या डब्या, सुया ठेवण्याच्या नळ्या, जायफळाच्या किसण्या, सुगंधी द्रव्यांच्या छिद्रे पाडलेल्या कुप्या आणि आपल्याकडे आहे तशा अंगुस्तानाच्या डब्या घडवल्या. आपल्या डबीचा घाट एकोणिसाव्या शतकातल्या शिवणसाहित्याशी जुळतो.

लाकूड आणि हे कवच यांतला फरक दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून सहज दिसतो. डबी खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा आणि नक्षी नसलेला, गुळगुळीत असा काठ पाहा. लाकडात रेषा एका दिशेने सलग वाहत जातात, अक्रोडाच्या लाकडात तर बारीक उघडी छिद्रेही दिसतात. कोकिलाच्या कवचात तशी सलग रेषा नसते, तांबूस तपकिरी पृष्ठावर गडद, तुटक रेघा आणि ठिपके पसरलेले दिसतात आणि कोरलेल्या खोलगट भागात रंग बाहेरच्यापेक्षा उजळ असतो. चंदनाची तर शंकाच नको : जुन्या चंदनाचा आतला काठ हलकेच चोळला तरी त्याचा गंध जाणवतो, आणि चंदनाचा रंग इतका काळपट तपकिरी नसतो.

आता आटे पाहा. मूळ फळ लहान असल्यामुळे त्यातून मोठी वस्तू एकसंध निघत नाही, म्हणून कारागीर दोन-तीन तुकडे कातून ते आट्यांनी एकमेकांत बसवत. हे आटे कवचातच कापलेले असतात, त्यांत धातूचे कडे नसते. झाकण पूर्ण फिरवल्यावर वरची आणि खालची नक्षी एका रेषेत येत असेल, तर दोन्ही भाग मूळचे आहेत असे मानायला हरकत नाही. नक्षी जुळत नसेल, तर आटे झिजले असतील किंवा एक भाग दुसऱ्या डबीचा असेल. टोकाची पांढरट बोंडी बहुधा टाग्वा या दुसऱ्या ताडाच्या बीची असावी, कारण गडद कोकिला आणि पांढरा टाग्वा यांची जोडी त्या काळच्या कारागिरांना आवडत असे. क्वचित अशी बोंडी हाडाचीही असते. हाडात भिंगाखाली बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नलिका असतात.

पावसाळ्यात झाकण घट्ट बसले, तर ते जोर लावून फिरवू नये. दमट हवेने कवच किंचित फुगलेले असते आणि आटे एकदा तुटले की ते परत येत नाहीत. डबी कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावी आणि झाकण आपोआप सैल होईपर्यंत थांबावे.

प्रश्न : मटण स्ट्रीटवर एका दुकानात हस्तिदंताची जपानी मूर्ती म्हणून एक बसलेल्या माकडाची मूर्ती दाखवली गेली. ती जेमतेम चार सेंटिमीटर उंच आहे, पाठीला दोन भोके आहेत आणि तळाशी तपकिरी सालीसारखा भाग आहे. ती खरोखर हस्तिदंताची आहे का, आणि घ्यावी का? (दादरचे एक वाचक)

उत्तर : तळाची तपकिरी साल हीच इथे सर्वांत बोलकी खूण आहे. टाग्वा ताड इक्वेडोर, कोलंबिया आणि पनामा या प्रदेशांत होतो. त्याची बी कोंबडीच्या अंड्याएवढी असते, पिकल्यावर आतला गर हस्तिदंतासारखा पांढरा आणि टणक होतो आणि बाहेर पातळ तपकिरी साल राहते. कोरणारा ती साल पुष्कळदा शोभेसाठी तशीच ठेवतो. हस्तिदंताला अशी साल नसते. हस्तिदंताच्या आडव्या काटछेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. टाग्वात ती कधीच दिसत नाही, तिथे अतिशय बारीक, एककेंद्री वलये असतात आणि बीच्या मध्यभागी बहुधा पोकळी किंवा भेग असते.

आकारमानाचाही विचार करावा. पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा मोठी, एकसंध वस्तू टाग्वातून निघणे अवघड आहे. त्यामुळे लांब दांडी, रुंद तबक किंवा मोठी मूर्ती कुणी टाग्वाची म्हणून देऊ लागला, तर पदार्थ दुसराच आहे असे समजावे. पाठीची दोन भोके म्हणजे कमरपट्ट्याला डबी अडकवणारी दोरी ओवण्याची जागा. अशा जुन्या जपानी अडकवण्यांत (त्यांना नेत्सुके म्हणतात) ही भोके वापराने गुळगुळीत झालेली असतात आणि दोरी जिथे घासली जाते तिथली कड खोलगट होते. दोन्ही भोके कोरी करकरीत आणि कडा धारदार असतील, तर ही वस्तू पर्यटकांसाठी अलीकडे केलेली आहे. टाग्वातल्या अशा बहुतेक मूर्ती याच वर्गातल्या असतात.

अतिनील किरणांच्या दिव्यावर विसंबू नये, कारण हस्तिदंत आणि टाग्वा दोन्ही त्याखाली जवळपास सारखेच निळसर चमकतात. गंधकाम्लाचा थेंब टाकल्यास टाग्वा काही मिनिटांत गुलाबी होतो आणि हस्तिदंत होत नाही, ही परीक्षा खरी आहे. पण तिचा डाग कायमचा राहतो, म्हणून ती प्रयोगशाळेबाहेर कुणीही करू नये. तापवलेली सुई टोचण्याचा सल्ला काही विक्रेते देतात. तो कृपया ऐकू नका, त्या एका टोचण्याने चांगल्या वस्तूचे सौंदर्य आणि किंमत दोन्ही जाते.

मूर्ती घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ती हस्तिदंताची असेल तर तिचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात निषिद्ध आहे, म्हणजे हस्तिदंत म्हणून ती घेणे हा गुन्हा ठरेल. टाग्वाची असेल तर ती खुशाल घ्यावी, पण टाग्वाच्याच किमतीला. विक्रेत्याकडून पावतीवर पदार्थाचे नाव लिहून घ्यावे. तो लिहून द्यायला कचरला, तर तेच उत्तर समजावे.

प्रश्न : शेजारच्या पारशी आजींनी माझ्या लेकीला एक माळ दिली. तिच्यातला प्रत्येक मणी दोन्हीकडे निमुळता असून त्यावर एक वेगळा चेहरा कोरलेला आहे. त्यांच्या पणजोबांनी ती चीनहून आणली असे त्या सांगतात. हे मणी रुद्राक्षाचे आहेत का? (दादर पारशी कॉलनीजवळच्या एक वाचक)

उत्तर : नाही, आणि ही माळ फार काळजीने जपावी असे मला मनापासून वाटते. चिनी कारागीर फळांच्या कोया कोरण्यात शतकानुशतके तरबेज आहेत. यासाठी ते पीचची कोय, अक्रोड आणि विशेषतः चिनी ऑलिव्हची कोय वापरतात. हे चिनी ऑलिव्ह आपल्याला माहीत असलेल्या तेलाच्या ऑलिव्हपेक्षा निराळ्या कुळातले आहे. त्याची कोय दोन्ही टोकांना निमुळती असते आणि तिच्यावर लांबीने तीन उंचवटे येतात. आपल्या मण्यांवर चेहऱ्याचे नाक बहुधा अशाच उंचवट्यावर काढलेले आहे, हे तुमच्या तिसऱ्या छायाचित्रात नीट दिसते. रुद्राक्ष गोलसर असतो, त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि त्यावर मुखांच्या खोल रेषा नैसर्गिकच असतात. त्यावर असा चेहरा कोरायला जागाच उरत नाही. अठरा अर्हतांचे, म्हणजे बौद्ध सिद्धपुरुषांचे, चेहरे हा अशा माळांमधला आवडता विषय आहे, म्हणून मणी मोजून पाहावेत. अठरा किंवा त्याच्या पटीत आले, तर ओळख पक्की होण्यास मदत होईल.

ही कला किती पराकोटीला गेली होती, याचे एक उदाहरण तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. चेन झूझांग या कारागिराने 1737 साली एका ऑलिव्हच्या कोयीतून एक नौका कोरली. तिची लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर, तरीही तिच्या खिडक्या उघडतात, आत माणसे बसलेली आहेत आणि तळावर तीनशेहून अधिक अक्षरांचा मजकूर आहे. आपली माळ त्या दर्जाची नसली तरी त्याच परंपरेतली आहे. मुंबईचे पारशी व्यापारी एकोणिसाव्या शतकात कॅन्टनशी अफू आणि कापसाचा मोठा व्यापार करत होते, सर जमशेदजी जीजीभॉय स्वतः अनेकदा चीनला जाऊन आले होते, त्यामुळे आजींच्या सांगण्यात विसंगत काहीच नाही. शक्य असेल तेवढी ती हकीकत त्यांच्याकडून लिहून घ्या : कोणी आणली, केव्हा, कुणाकुणाकडे राहिली. माळेचा दोरा जुना आणि कमकुवत झालेला दिसतो, तो बदलून नवा रेशमी दोरा घालावा आणि जुना दोरा माळेसोबतच जपून ठेवावा.

प्रश्न : आमच्याकडे सुपारीत कोरलेला एक लहानसा गणपती आहे. त्याला अलीकडे बारीक भोके पडली आहेत आणि खाली पिठासारखी पूड पडते. काय करावे? (डोंबिवलीचे एक वाचक)

उत्तर : सुपारीला कीड लागली आहे. मूर्ती लगेच वेगळी काढून हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावी आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता तशीच राहू द्यावी, नाहीतर बाष्प मूर्तीवरच जमेल. मूर्तीवर रंग, वर्ख किंवा दुसऱ्या पदार्थाचे भाग चिकटवलेले असतील, तर हा उपाय करू नये आणि संग्रहालयाच्या संवर्धकाला विचारावे. खोबरेल तेल किंवा वॉर्निश मुळीच लावू नये, तेल खवट होते आणि कीड त्याकडे अधिकच ओढली जाते. सुपारीचे कोरीवकाम मध्य प्रदेशातल्या रीवा शहरात आजही होते. आपली मूर्ती तिथली असू शकेल. भोक पडलेल्या जागी आत पांढरट-तपकिरी संगमरवरी नक्षी दिसली, तर ती खरी सुपारीच आहे. लाकडात तशी नक्षी नसते.

प्रश्न : काळ्याभोर, होडीसारख्या आकाराचे एक भांडे माझ्याकडे आहे. त्याला साखळी आहे आणि बाहेरून फारसी अक्षरे कोरली आहेत. ते करवंटीचे म्हणावे, तर फारच मोठे आहे. मुलगा परदेशात राहतो, त्याला ते पाठवता येईल का? (माझगावचे एक वाचक)

उत्तर : हा फकिराचा कश्कूल, म्हणजे भिक्षापात्र आहे आणि तो दर्याई नारळाच्या अर्ध्या कवचाचा असणार. हा ताड सेशेल्स बेटांपैकी प्रालँ आणि क्युरिअस या दोनच बेटांवर निसर्गतः वाढतो. त्याची बी वनस्पतिसृष्टीत सर्वांत मोठी मानली जाते. झाडाचा पत्ता लागण्याआधी शेकडो वर्षे या रिकाम्या कवच्या समुद्रातून वाहत मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्यांना लागत, म्हणूनच त्याचे शास्त्रीय नावही मालदीववरून पडले. इराणी कारागीर त्यावर प्रार्थना आणि काव्यपंक्ती कोरत. आपल्या भांड्यावरचा मजकूर वाचून घ्या, त्यात कधीकधी कारागिराचे नाव किंवा हिजरी वर्ष मिळते. करवंटीशी गल्लत होऊ नये म्हणून एकच खूण पुरेशी आहे : साध्या नारळाच्या टोकाला तीन डोळे असतात, या भांड्याला ते नाहीत आणि कवचही कितीतरी जाड आहे.

परदेशी पाठवण्याविषयी सावध राहा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष व कलानिधी कायदा, 1972 याखाली पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला तिची निर्यात करता येत नाही. वस्तू त्याहून नवी आहे असे वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते. शिवाय हा ताड संकटग्रस्त आहे आणि सेशेल्सने त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण घातले आहे. मुलगा भेटीला येईल तेव्हा त्याने भांडे पाहावे, साखळीचे, अक्षरांचे आणि तळाचे छायाचित्र काढून न्यावे. भांडे मुंबईतच ठेवा. आपल्या संमतीने एखादा जाणकार ते प्रत्यक्ष पाहू शकला, तर मजकुराचे वाचन आम्ही पुढील अंकात छापू.