आधी साल ठरवा, मग बंदूक

जुन्या लढाया पुन्हा उभ्या करणाऱ्या पथकात फ्रेंच शिपाई व्हायचं, तर बंदूक कोणत्या सालची हवी ते आधी ठरवा. ‘फ्रेंच मस्केट’ (ठासणीची लांब बंदूक) म्हणून जी प्रतिकृती पटकन मिळते, ती बहुधा १७६३ किंवा १७६६ च्या शार्लव्हिल नमुन्याची असते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात मदतीला गेलेल्या रोशांबो या फ्रेंच सेनापतीच्या १७८० मधल्या सैन्यासाठी ती चालेल. पण १७५० च्या दशकातला, कॅनडातलं क्यूबेक लढवणारा फ्रेंच शिपाई उभा करायचा असेल, तर १७६३ ची बंदूक साफ चुकीची! त्यासाठी १७२८ चा नमुना शोधा. त्यात नळी दस्त्याला तीन धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली असते. १७१७ च्या नमुन्यात एकच पट्टी आणि बाकी खिळे होते. फोटो मागवाल तेव्हा आधी या पट्ट्या मोजा. वसाहतींचं रक्षण करणाऱ्या, फ्रेंच नौदल खात्याच्या ‘काँपनी फ्राँश’ तुकड्यांचं प्रकरण आणखी वेगळं, त्यांच्याकडे फ्रान्समधल्या तूल गावच्या कारखान्यातल्या बंदुका असत.

इटलीच्या पेडरसोली कंपनीची प्रतिकृती महाग आहे, पण तिचा चाप भरवशाचा. भारतात बनलेल्या ठासणीच्या प्रतिकृती निम्म्याहून स्वस्त मिळतात आणि जुने नमुनेही त्यांच्यातच जास्त सापडतात, म्हणून त्यांना नाक मुरडू नका. मात्र अनेकदा त्यांच्या नळीला रंजकाचं (आतल्या दारूला ठिणगी पोचवणारं) छिद्रच पाडलेलं नसतं. ते घरी ड्रिलने अजिबात पाडू नका. नळीची तपासणी आणि हे काम जाणत्या बंदूकसाजाकडूनच करून घ्या. गारगोटी पोलादावर घासून ठिणग्या भरपूर पडतात का, तेही त्याच्यासमोरच बघा.

आणि पैसे भरण्याआधी तुमच्या पथकाला विचारा, कारण काही ठिकाणी ठरावीक नमुनेच चालतात.