बाळ १३ महिन्यांचं आहे, अजून चालत नाही. वॉकर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा धरून उभा राहतो पण पाऊल टाकत नाही, शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चालायला लागलं आणि घरचे वॉकर आणा म्हणून मागे लागलेत. आणू नका. तेवढंच उत्तर हवं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मला मात्र लिहायचंय, कारण याच वॉकरवरून माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचं नऊ वर्षं बिनसलेलं आहे.

आम्ही तेव्हा वरळीला बीडीडी चाळीत राहायचो. खोली १६० चौरस फुटांची. मोरी, ओटा, कपाट, फ्रिज, बायकोचं शिलाई मशीन आणि आईचा दिवाण सोडला तर दोन चटया पसरतील एवढीच जमीन उरायची. तीही मोकळी कधी? सकाळी भाजी निवडायला, दुपारी कपड्यांच्या घड्यांना, रात्री अंथरुणांना. त्यामुळे आमची मुलगी खाली उतरायचीच नाही. या कडेवरून त्या कडेवर. शेजारच्या काकू घेऊन गेल्या की समोरच्या खोलीतून हाक यायची, आता इकडे द्या. सगळ्यांचं प्रेमच होतं. पण पोर चालायला जमिनीवर शिकतं, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

रांगली तर ती कधीच नाही. दहाव्या महिन्यात बसल्या जागेवरून सरकायला लागली. एक पाय दुमडलेला, दुसऱ्याची टाच फरशीवर रोवून अंग पुढे ओढायची, आधाराला उजवा हात. चड्डी एकाच बाजूने विरायची. तेरा महिने झाले तरी तेच. दिवाळीला दादा बदलापूरहून आला तो वॉकर घेऊनच. त्याचा मुलगा अकराव्या महिन्यात चालला होता, आणि ते तो पूर्ण मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा. मी नको म्हटलं तर म्हणाला, "आपण नाही का पांगुळगाडा धरून चाललो? तूच तेवढा शहाणा."

हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल म्हणून सांगतो. पांगुळगाड्यामागे पोर स्वतःच्या पायांवर उभं असतं. गाडा पुढे पळाला की तोल जातो, पोर आपटतं, परत उठतं. वॉकरमध्ये ते झोळीत लटकलेलं असतं. मी त्या दिवाळीत फरशीवर आडवा होऊन बघितलं. मुलीच्या टाचा जमिनीला टेकतच नव्हत्या. चवड्यांनी ढकलत होती, बोटं आत वळलेली, आणि समोरच्या ट्रेमुळे तिला आपले पाय दिसतही नव्हते. तोल सावरायची गरजच नाही, तर ती शिकणार काय? वॉकरमुळे मुलं लवकर चालत नाहीत, उलट थोडा उशीर होतो असं अभ्यासांत दिसलंय. कॅनडाने तर २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, कारण मुलं वॉकरसकट जिन्यावरून गडगडत होती. आमच्याकडे भाऊबीजेला तो उंबऱ्यात अडकून पॅसेजमध्ये कलंडला. हनुवटी फुटली. जिना तिथून सहा पावलांवर होता. मी वॉकर उचलला आणि दादाच्या बॅगेशेजारी नेऊन ठेवला. तिथून आमचं फाटलं.

सोळाव्या महिन्यात बूस्टरची लस द्यायला पालिकेच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी तिला काखेत धरून वर उचललं. बाकीची पोरं पाय खाली सोडतात. हिने दोन्ही पाय समोर उचलले, हवेत पाट मांडून बसावं तशी. बाईंनी पाय, गुडघे, पाठ सगळं तपासलं आणि विचारलं, "घरात आणखी कोणी असं बसून सरकायचं का?" बसून सरकणारी मुलं उशिरा चालतात म्हणाल्या, काही दोन वर्षांच्या आसपाससुद्धा, आणि हे बरेचदा घराण्यातच असतं. वर सांगितलं, "कडेवरून उतरवा. जागा करा तिला."

घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "तुझा दादा. दीड वर्ष असाच सरकत होता. आत्याने नवस बोलला होता."

त्याच आठवड्यात दिवाण निघाला. आईच्या गाद्या एकावर एक घालून भिंतीशी लावल्या. मुलीला दिवसभर अनवाणी खाली सोडायचं, बोट धरून चालवायचं नाही, फक्त कपाटाजवळ ठेवायचं. साडेसतराव्या महिन्यात एका संध्याकाळी तिने कपाटाची कडी सोडली, दोन्ही हात वर धरले आणि आजीच्या काठीपर्यंत तीन पावलं गेली. काठी धरली आणि खाली बसली. आजीने काठी हलू दिली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या ८१६ मुलांचे आकडे प्रसिद्ध केले, त्यात आपलीही मुलं होती. निरोगी मुलं आधाराशिवाय चालली ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. शंभरातली चार तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तुमचा मुलगा यात अगदी मधोमध आहे, आणि शेजारचं बाळही यातच आहे.

आता हे आधीच लिहायला हवं होतं. मी डॉक्टर नाही. अठरा महिन्यांपर्यंत चालला नाही, एकच हात किंवा एकच पाय वापरतोय, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटतंय, किंवा येत असलेलं काही करायचा बंद झाला, तर एक दिवसही थांबू नका. महिने भरायच्या आत जन्मला असेल तर वय जन्माच्या नाही, प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा. पहिल्या वर्षी व्हिटॅमिन डीचे थेंब दिले नसतील तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि पुढच्या लसीला जाल तेव्हा दाखवाच, विचारायला लाज कसली.

राहिला दिवाण. तो दादाने पहिल्या बोनसमधून आईसाठी घेतला होता. पोरीसाठी मी आईला जमिनीवर आणलं, असं तो आजही नातेवाइकांत सांगतो. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तिच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नाही, म्हणून इथे लिहितो. दिवाण काढायला आईनेच सांगितलं. "मी भिंतीला धरून उठेन, तिला भिंतीपर्यंत पोचू दे," असं म्हणाली. भंगारवाल्याशी घासाघीस तिनेच केली, आठशे रुपये मोजून घेतले आणि त्यातून दादरहून सतरंजी आणायला मला पाठवलं. ती सतरंजी अजून माझ्याकडे आहे.