करमाफी देऊनही परदेशी कंपन्या का येत नाहीत?

तुमचा प्रश्न असा, की मजुरी कमी, जमीन स्वस्त, वर दहा वर्षांची करमाफी, आणि तरी एखाद्या प्रदेशाकडे परदेशी कंपन्या पाठ फिरवतात. मग त्याहून महाग प्रदेशात त्या रांग का लावतात? कारखान्यांसाठी जागा निवडणाऱ्या लोकांबरोबर मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेअर बाजारात आलेला परकीय पैसा सकाळी येतो आणि संध्याकाळी जाऊ शकतो. थेट गुंतवणुकीचं तसं नाही. तिथे गुंतवणूकदाराकडे कंपनीतला किमान १० टक्के मताधिकार असतो, आणि कारखाना असेल तर यंत्रं जमिनीत रोवलेली असतात. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. रेमंड व्हर्नन या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्ये हे नेमकं मांडलं होतं: कारखाना उभा राहीपर्यंत कंपनीचा शब्द वजनदार असतो, उभा राहिला की पारडं सरकारकडे झुकतं. त्यामुळे गुंतवणूकदार मनात एकच गोष्ट घोळवत असतो. मी इथे अडकल्यावर हे लोक माझ्याशी कसे वागतील?

या प्रश्नाला करमाफी उत्तर देत नाही. एका सहीने मिळालेली सवलत दुसऱ्या सहीने जाते. शिवाय नव्या कारखान्याला पहिली काही वर्षं नफाच होत नाही, मग नफ्यावरचा कर माफ करून त्याच्या हाती काय पडणार? मला तर अशा सवलती बऱ्याचदा कोपराला लावलेल्या गुळासारख्या वाटतात.

‘मग आयर्लंडचं काय?’ असं कुणीतरी विचारेलच. तिथे निर्यातीच्या नफ्यावर करसवलत १९५६ पासून होती, पण खरी भरभराट झाली १९९० च्या दशकात. मधली वर्षं बघा. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं, सत्तरच्या दशकात ठिकठिकाणी तंत्रशिक्षणाची महाविद्यालयं निघाली, १९७३ मध्ये देश युरोपीय आर्थिक समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात) गेला. डब्लिनजवळच्या लीक्सलिपमध्ये चिप बनवणारी इंटेल आली १९८९ साली, आणि १९९३ मध्ये युरोपची एकसंध बाजारपेठ सुरू झाली. करही महत्त्वाचा होताच, ते नाकारत नाही. पण त्याची ताकद दर कमी असण्याइतकीच सरकारं बदलूनही धोरण न बदलण्यात होती. एक सावधगिरी मात्र हवी: २०१५ मध्ये आयर्लंडचं सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. त्यातला मोठा भाग बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता, विशेषतः बौद्धिक संपदा, कागदोपत्री तिथे हलवल्याचा होता. गुंतवणुकीचे नुसते आकडे बघून हुरळून जाऊ नये ते यासाठी.

मला जास्त जवळचं वाटणारं उदाहरण मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाचं. १९९६ मध्ये इंटेलने कारखान्यासाठी हा देश निवडला तेव्हा ब्राझील, मेक्सिको, चिली असे कितीतरी मोठे देश स्पर्धेत होते. याची लोकसंख्या जेमतेम ३५ लाखांच्या आसपास. पण १९४८ साली लष्कर बरखास्त केलेला, शिक्षणावर सातत्याने खर्च करणारा, निवडणुका वेळेवर घेणारा हा देश होता. कंपनीला कसलं मनुष्यबळ हवंय हे ऐकून तंत्रशिक्षणाचे अभ्यासक्रम सुधारले गेले. पुढे २०१४ मध्ये इंटेलने चिपची जुळणी आशियात हलवली, सुमारे दीड हजार नोकऱ्या गेल्या. तो धक्का खरा होता. पण अभियांत्रिकीचं काम तिथेच राहिलं, आणि तोवर वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांनी तिथे इतकं मूळ धरलं होतं की पुढे तीच उपकरणं देशाची प्रमुख निर्यात झाली. पहिली कंपनी आणणं सगळ्यात अवघड. तिच्यासाठी तयार झालेली माणसं दुसरीला आणतात.

आता तुमच्या ‘महाग’ या शब्दाकडे येतो. मजुरी तासावर मोजायची नसते, निर्दोष बाहेर पडलेल्या प्रत्येक नगावर मोजायची असते. वीज दोनदा गेली आणि अख्खी खेप वाया गेली, तर स्वस्त मजुरी कुठच्या कुठे जाते. सीमाशुल्कात माल कधी सुटेल याचा भरवसा नसला की महिनाभराचा साठा गोदामात ठेवावा लागतो, त्यात भांडवल अडकतं. मलेशियातलं पेनांग बघा. १९६९ मध्ये त्याचा मुक्त बंदराचा, म्हणजे जकात न लागणाऱ्या बंदराचा, दर्जा गेला, बेकारी वाढली. १९७२ मध्ये तिथे मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झालं आणि इंटेलने अमेरिकेबाहेरचा आपला पहिला कारखाना तिथे टाकला. सुरुवातीला आकर्षण स्वस्त हातांचंच होतं. नंतर स्थानिक कार्यशाळा त्या कारखान्यांना साचे आणि सुटे भाग देऊ लागल्या, १९८९ मध्ये उद्योगांनी सरकारला सोबत घेऊन कौशल्य प्रशिक्षण केंद्र काढलं. मजुरी वाढत गेली, तरी कंपन्या टिकल्या, कारण बिघडलेल्या यंत्राचा भाग हाकेच्या अंतरावर मिळत होता. अशी पुरवठादारांची वस्ती कुठल्याही सवलतीने एका वर्षात उभी राहत नाही.

खनिजासाठी येणारी किंवा मोठ्या बाजारपेठेत विकायला येणारी कंपनी थोडी गैरसोय सोसते, कारण तिला तिथेच यावं लागतं. निर्यातीसाठी जागा शोधणारी सोसत नाही, तिच्यापुढे दहा पर्याय असतात. शिवाय २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी १५ टक्के किमान कराचं तत्त्व मान्य केलं. ७५ कोटी युरोपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या समूहांना तुम्ही कर माफ केलात, तर फरकाची रक्कम दुसरा देश वसूल करू शकतो. म्हणजे सोडलेला पैसा परक्या तिजोरीत.

तुमच्या प्रदेशाचं नेमकं कुठे अडतंय हे शोधायचं असेल, तर तिथे आधीपासून असलेल्या परदेशी कंपन्यांच्या व्यवस्थापकांना भेटा. मंत्र्यांना भेटण्याआधी आम्ही हेच करायचो. गेल्या पाच वर्षांत दुसरी उत्पादनरांग टाकलीत का? नसेल, तर का नाही? चांगला तंत्रज्ञ मिळायला किती महिने लागले? शेवटचा कंटेनर बंदरात किती दिवस पडून होता? तीन-चार ठिकाणी एकच तक्रार ऐकू आली, तर काम तिथून सुरू करा.